तळं छान आहे, पण वारा फार

आमच्याकडे सुट्टीची जागा शोधणं हे लग्नाचं स्थळ शोधण्यासारखं चालतं. नवरा आधी यादी करतो, मग यादीतल्या प्रत्येक नावापुढे शेरे लिहितो, आणि मग दोन नावं कटाक्षाने बाजूला ठेवतो, न जाणो उद्या उपयोगी पडली तर. इकडे दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा; गेल्या जानेवारीच्या सुट्टीसाठी त्याने उत्तरेकडच्या तळ्यांच्या आणि जंगलांच्या भागातल्या कॅम्पग्राउंडची अशी यादी केली. संडास कसे, पिण्याचं पाणी कुठे, सावली किती, शेजार कसा. तंबू त्याने टाकानिनीतल्या आमच्या परसात दोनदा उभारून पाहिला. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. दुसऱ्या वेळी तंबू उभा राहिला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नवऱ्याने त्या खऱ्या मानल्या.

एवढा खटाटोप माझ्यासाठी नव्हता. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीसाठीही नव्हता. तो सासूबाईंसाठी होता. सासरे गेल्यापासून त्या पुण्यात एकट्या राहतात. त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि पंधरा दिवसांनी परत जाणार होत्या. त्यांनी आता कायमचं इकडे राहायला यावं असं नवऱ्याच्या मनाने घेतलं होतं. पालकांच्या व्हिसाचे कागद भरायचे की नाही, एवढं एकच उत्तर त्याला हवं होतं. सासूबाई तीन महिने एकच शब्द बोलत होत्या, "बघू." मग नवऱ्याने ठरवलं की ही उत्तरेकडची तळी एकदा दाखवली की आई नाही म्हणूच शकणार नाही.

मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी "हो, यावं की" असं म्हटलं असतं, आणि ते खोटं असतं. सासूबाई वाईट नाहीत. पण तीन महिन्यांत माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लागले होते आणि मला माझीच हळद सापडत नव्हती. त्या परत जाव्यात असं मला वाटत होतं, आणि असं वाटतं म्हणून माझा मलाच राग येत होता. तो राग मी नवऱ्यावर काढत होते, कारण तो सोयीस्कर अंतरावर होता.

निघायच्या आदल्या दिवशी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत जाऊन बाकरवडी, चिवडा, खाकरे आणि आंब्याचा रस घेऊन आलो. सकाळी सहाला गाडी निघाली. डार्गाव्हिलच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि दहाच्या सुमाराला आम्ही पहिल्या तळ्यावर पोचलो. ही जागा नवऱ्याच्या यादीत पहिली होती आणि तिचं बुकिंग त्याने ऑक्टोबरातच केलेलं होतं. पांढरी वाळू, काठाशी पाणी इतकं निवळ की तळाचे खडे मोजावेत, आणि पुढे एकदम गडद निळं. सासूबाई गाडीतून उतरल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी तळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"छान आहे रे तळं," त्या म्हणाल्या. "पण वारा फार आहे."

झालं. नवऱ्याचा चेहरा उतरला. पंचेचाळीस वर्षं या पुणेरी आईचा मुलगा असलेला हा माणूस, त्याला तरी कळायला हवं होतं. सासूबाईंच्या तोंडून कौतुक कधीच एकटं बाहेर पडत नाही. माझ्या लग्नात त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणी आहे, पण उंचीला जरा कमी." पुरणपोळी उत्तम झाली की त्या म्हणतात, "वाईट नाही." पण नवरा त्या दिवशी मुलगा नव्हता, वकील होता, आणि आपला खटला पहिल्याच साक्षीत पडतोय असं त्याला वाटलं. तो तडक कॅम्पच्या ऑफिसात बुकिंग सोडायला गेला.

ऑफिसातल्या बाई गोऱ्या, साठीच्या, पायांत जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर. त्या म्हणाल्या, "आर यू शुअर? जानेवारी आहे. जागा सोडलीत की गेलीच."

"वी विल फाइंड समथिंग," नवरा म्हणाला.

"स्वीट अ‍ॅज," बाई इकडच्या बोलीत 'ठीकच की' म्हणाल्या आणि त्यांनी आमचं नाव खोडलं. मागे तीन गाड्या वाट बघत होत्या. मी नवऱ्याला म्हटलं की अरे, वारा काय, दुपारी पडेल. तो म्हणाला, "तुला कळत नाही. तिला पहिल्यांदाच जागा आवडली पाहिजे." मला कळत नाही हे आमच्या घरात वरचेवर सिद्ध होत असतं, म्हणून मी गाडीत जाऊन बसले.

दुसरी जागा जंगलात होती. कौरीची झाडं तुम्ही पाहिली नसतील तर एवढंच सांगते, की बुंध्याशी उभं राहिलं की झाड दिसतच नाही, नुसती भिंत दिसते. या झाडांना मुळांचा रोग लागतो आणि तो बुटांच्या मातीतून पसरतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि औषधाचा फवारा ठेवलेला असतो. आम्ही गाडी लावेपर्यंत सासूबाई मुलीला घेऊन पुढे गेल्या. त्यांनी पाहिलं, फाटक आहे, पाय स्वच्छ करायची सोय आहे, पलीकडे काहीतरी थोर आहे. त्यांनी शांतपणे चपला काढल्या, कडेला नीट जोडीने ठेवल्या आणि अनवाणी आत निघाल्या. त्यांच्या नातीने, जिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीत द्यायचं असतं, तिनेही आजीचं बघून बूट काढले.

तिथे एक दाढीवाले स्वयंसेवक होते. ते इथल्या पद्धतीचा नमस्कार करत धावत आले. "किया ओरा! नो बेअर फीट, प्लीज. मातीच नको आम्हाला, पायाचीसुद्धा."

सासूबाई निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांचं इंग्रजी खणखणीत आहे. "वी रिमूव्ह फुटवेअर आउट ऑफ रिस्पेक्ट," त्या म्हणाल्या.

दाढीवाले गंभीरपणे विचारात पडले. मग म्हणाले, "झाडांच्या वतीने आभार. पण झाडांना धुतलेल्या चपला जास्त आवडतात."

सासूबाईंना हा माणूस पसंत पडला. त्यांनी चपलांचे तळ पाच मिनिटं घासले, मग नातीचे बूट घासले, मग एका अनोळखी जर्मन मुलाने बूट नीट घासले नाहीत म्हणून त्याला परत पाठवलं. जंगलात त्या मान वर करून चालल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "काय झाडं आहेत! पण इथे ऊन कुठून येणार? टॉवेल वाळायचे कसे?"

नवऱ्याने यादीतलं दुसरं नाव खोडलं. तसं ते खोडायची गरज नव्हती, कारण तिथे जागाच शिल्लक नव्हती. तिसरी जागा एका शेताच्या कडेला होती. तिथे एका तंबूपुरतं गवत मोकळं होतं, शेजारी गाई होत्या. सासूबाई म्हणाल्या, "गाई किती धष्टपुष्ट आहेत. पण इथे फोनला रेंज नाही."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पुण्यात सासूबाईंच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाची किल्ली त्यांच्याकडे असते. रोज सकाळी सहाला पंप त्या लावतात. तीन महिन्यांसाठी ती किल्ली तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना दिली होती आणि सासूबाईंचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिकडचे सहा म्हणजे इकडचे दुपारचे दीड. रोज दीड वाजता आमच्या घरात फोन लागायचा. "पाणी चढलं का वर? टाकी वाहू देऊ नका हं." नवरा याला आईचा चाळा म्हणायचा. मीही तेच म्हणायचे.

तर दीड वाजत आला होता. नवऱ्याने रेंजसाठी गाडी एका टेकाडावर नेऊन उभी केली. खाली दोन्ही बाजूंना जंगल, लांब एका तळ्याची निळी फट. सासूबाईंनी फोन लावला, पंपाची चौकशी केली, आणि मग वीस मिनिटं बोलत राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई दवाखान्यात आहेत का, मुलगा झाला का मुलगी, वाचनालयाची पुस्तकं कोणी बदलली, गच्चीवरच्या कडुलिंबाच्या कुंडीला पाणी कोण घालतंय. मी गाडीला टेकून ऐकत होते. पंधरा दिवसांत येतेच आहे, असं त्यांनी फोनवर आलेल्या तिघांना तीनदा सांगितलं. आमच्या घरात मी त्यांचा इतका मोकळा आवाज कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात त्या डबे लावत होत्या, कारण लावण्यासारखं तेवढंच होतं. हे मला तीन महिन्यांत कळलं नाही आणि त्या टेकाडावर कळलं, याची मला लाज वाटली.

फोन संपल्यावर नवऱ्याचा तोल गेला. "आई, तुला नक्की हवंय तरी काय? वारा नको, सावली नको, गाई नकोत!"

"मी कधी नको म्हटलं?" सासूबाई थक्कच झाल्या. "मला तर पहिलंच तळं आवडलं होतं."

"तू म्हणालीस वारा फार आहे!"

"होताच की वारा. असलेलं बोलायचं नाही का?"

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, शी लव्ह्ड इट. शी वॉज स्मायलिंग अ लॉट. यू नेव्हर लुक."

तीन वाजता आम्ही पुन्हा पहिल्या तळ्यावर होतो. आमची जागा अर्थातच गेली होती. जँडल्सवाल्या बाईंनी नवऱ्याला नुसतं पाहिलं, हसल्या नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. नुकतंच कुणीतरी बुकिंग रद्द केलं होतं, ती एक जागा होती. ती बाथरूमच्या इमारतीला लागून होती आणि रात्रभर तिथे दिवा असतो. आम्ही ती हातापाया पडून घेतली. तंबू पहिल्या फटक्यात उभा राहिला नाही, तेव्हा शेजारच्या तंबूतल्या आजी येऊन एक खुंटी ठोकून गेल्या आणि मग तो राहिला.

आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. त्या शेजारच्या आजींशी सासूबाईंचं मेतकूट जमलं. आजी मुलं लहान असल्यापासून दर उन्हाळ्यात याच जागी येत होत्या. त्यांचे यजमान गेल्यावरही त्या येतात, आता नातवंडांबरोबर. बाकरवडी तिकडे गेली, आलुबुखारं इकडे आली. दुपारी दोघी काठाशी खुर्च्या टाकून बसायच्या आणि आल्यागेल्याच्या तंबूची खुशाल टिंगल करायच्या. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आजी, यू नीड टॉग्ज." टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे. सासूबाईंनी सलवार-कमीजसकट पाण्यात बैठक मारली, कमरेपर्यंत, आणि दोन तास उठल्या नाहीत. नवरा काठावरून फोटो काढत होता. त्याला वाटत होतं, खटला आपण जिंकला. मला ते टेकाड आठवत होतं. 

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बाथरूमची किल्ली परत द्यायला ऑफिसात गेलो. तिथे पद्धत अशी, की जाताजाताच पुढच्या वर्षीची जागा धरून ठेवायची. जँडल्सवाल्या बाईंनी वही उघडली. "पुढच्या वर्षी पुन्हा? किती जणं?"

 नवरा वळून आईकडे बघत राहिला. तीन महिन्यांचा प्रश्न त्याने त्या बाईंच्या तोंडून विचारला होता. सासूबाई नातीबरोबर आइस्क्रीमच्या फ्रीजशी उभ्या होत्या. त्यांनी काच सरकवून बंद केली.

"थ्री," त्या म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "आई, नक्की? तुला तर आवडलं इथे."

"फार आवडलं." त्या त्याच्याजवळ आल्या आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवरची वाळू झटकली. "अरे, त्या शेजारच्या बाई इतकी वर्षं इथे येतात. आज दुपारी त्याही घरी जाणार आहेत. मला माझ्या घरी जाऊ दे. तू कागद नको भरूस."

नवऱ्याने मान हलवली.  त्याने वहीत नाव लिहायला घेतलं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला जे हवं होतं ते आयतं माझ्या पदरात पडलं होतं. पण तो तिनाचा आकडा काढायला लागला आणि मला तो बघवेना. मी पुढे झाले आणि पेनवर हात ठेवला.

"फोर," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाईही. "अगं, मी आत्ता काय सांगितलं?"

"राहायला नका येऊ," मी म्हटलं. "पाहुण्या म्हणून या. जानेवारीत. मी तिकीट काढते."

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, लग्नात न्याहाळलं होतं तसंच. "पाहुणीला सकाळचा चहा हातात मिळतो ना?" त्यांनी विचारलं.

"मिळतो," मी म्हटलं. पुढे आणखी बोलणार होते, पण मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी वहीत चारचा आकडा काढला आणि तो दोनदा गिरवला.