एकाच गालावरची चापट

माझी मुलगी शालू एकोणीस वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही. लोक तिला मंद म्हणतात, मी म्हणते ती सावकाश आहे. भूक लागली की ती ताट वाजवते, तहान लागली की माझा पदर ओढते, आणि बाकीचं मी तिच्या डोळ्यांवरून ओळखते. तिचं मला सगळं कळतं, असा मला लई भरवसा होता. तो भरवसा आई तुळजाभवानीनं माझ्या हातून कसा काढून घेतला आणि त्याच्या जागी काय दिलं, ते मी या वहीत लिहून ठेवते आहे. चारचौघांत सांगायला मला जमणार नाही.

आमच्या घरी शालूच्या लहानपणापासून एक नेम आहे. सकाळी अंघोळ झाली की मी देव्हाऱ्यातल्या देवीला कुंकू लावते आणि मग शालूला. कुंकवाचं बोट कपाळाला टेकलं की ती मान वर करते, डोळे मिटते आणि आ करते. मग मी तिच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवते. एरवी तिच्या तोंडाजवळ कुणी बोट नेलं तरी ती चावते. ती सात-आठ वर्षांची असताना हलणारा दात काढायला आम्ही तिला एका गावातल्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं चौघांनी तिचे हातपाय दाबून धरले, त्यातली एक मी होते. तेव्हापासून तिचं तोंड उघडतं ते फक्त देवीच्या साखरेसाठी.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिनं एक नवीन सुरू केलं. साखर जिभेवर पडली की थोड्या वेळानं ती देव्हाऱ्यासमोरच आपल्या गालावर चापट मारून घ्यायची. आपण देवापुढं चुकलंमाकलं म्हणून मारून घेतो, तशीच. मला काय आनंद झाला! इतकी वर्षं मी तिला हात जोडायला शिकवत होते आणि ते तिला कधी जमलं नव्हतं. मी हिच्या वडिलांना हाक मारून दाखवलं. ते दारातच उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझी जाऊ तर शेजारणींना बोलावून दाखवायला लागली. "आमच्या घरात भक्तीण जन्मलीया बघा," म्हणायची. बायका येऊन शालूच्या पाया पडून गेल्या. मीही कौतुकानं बघत राहिले.

हळूहळू शालूचं जेवण तुटलं. भाकरी बाजूला सारायची, दुधात कुस्करून दिली तरी दोन घास खाऊन उठायची. जाऊ म्हणाली, "उपास धरला आसंल तिनं. देवीची माणसं आशीच असतेत." मलाही ते पटलं, हे लिहायला लाज वाटते. पण चापटी जोरात बसायला लागल्या, गाल लाल राहायला लागला, आणि तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली, तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं, त्यानं काही झालं नाही. मनात पहिल्यांदा शंका आली, की देवी माझं लेकरू नेते आहे की काय. म्हणून एका मंगळवारी मी शालूला घेऊन तुळजापूरला गेले. सरळ विचारणार होते.

दर्शनाच्या रांगेत शालू सारखी गालावर मारून घेत होती. पुढची माणसं वळून बघत होती, हात जोडत होती. आमच्या मागं देवीचा जोगवा मागणारी एक म्हातारी आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, काखेला परडी, तोंडात एकही दात नाही. ती बराच वेळ शालूकडं बघत होती. मग मला म्हणाली, "बाई, ही काय करतीया?"

मी म्हणाले, "देवीची माफी मागतीया. लई भक्ती हाय तिची."

"माफी मागणारं माणूस दोन्ही गालांवर मारून घेतं," म्हातारी म्हणाली. "ही पोरगी उजव्याच गालावर मारतीया. तिचं तोंड बघितलंस का?"

मी शालूच्या लाल झालेल्या उजव्या गालाकडं बघितलं.

"मला एक बी दात न्हाय, म्हणून मला दुसऱ्याचे लगेच दिसतेत," असं म्हणून ती हसली. मग सांगितलं, "धाराशिवला एक दाताची डॉक्टरीण हाय. आशी लेकरं तिच्याकडं येतेत. माझ्या भाचीच्या लेकाला तिनं खाली बसून बघितलं व्हतं. जा तिच्याकडं." कुठल्या रस्त्याला दवाखाना, तेही नीट सांगितलं. रांग पुढं सरकली, गर्दीचा लोट आला आणि दर्शन करून बाहेर आल्यावर ती मला दिसली नाही. ती कोण होती, याचा मी शोध घेत बसत नाही. मी देवीला काही विचारायच्या आधीच मला उत्तर मिळालं होतं, एवढंच मला माहीत आहे.

दुसऱ्याच दिवशी हे आणि मी शालूला बसनं धाराशिवला घेऊन गेलो. वाटेत माझं मन सारखं मागं ओढत होतं. पुन्हा चौघं धरणार, पुन्हा ती किंचाळणार, आणि या वेळी ती माझ्याकडं कधीच येणार नाही, असं वाटत होतं. दवाखान्यात शिरताच शालू भिंतीला चिकटून खाली बसली. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी बघितलं आणि आमच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या.

"ताई, तिचे हात सोडा," त्या म्हणाल्या.

"सोडले तर मारंल तुम्हाला."

"मारू दे. आजवर पुष्कळांनी मारलंय. बघा, शाबूत आहे मी."

त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. छोटा आरसा शालूच्या हातात दिला, तिनं तो तासभर फिरवून बघितला. डॉक्टरबाईंनी मला एकच विचारलं, घरी ही आपण होऊन तोंड कधी उघडते? मी लाजत कुंकवाचं आणि साखरेचं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग उद्या कुंकवाचा करंडा घेऊन या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात, फरशीवर बसूनच, मी शालूला कुंकू लावलं. तिनं मान वर केली, डोळे मिटले आणि आ केला. डॉक्टरबाईंनी बाजूनं बॅटरी धरून आत बघितलं. उजवीकडची खालची दाढ पार किडली होती, हिरडीत पू झाला होता. साखर त्या खड्ड्यात बसायची, कळ यायची, म्हणून ती गालावर मारायची. देव्हाऱ्यासमोर मारायची, कारण साखर तिथंच मिळायची. पू झाल्यावर कळ थांबेनाच, म्हणून तुळजापूरच्या रांगेतही मारत होती.

मी पदर तोंडाला लावला. लेकरू मला महिनोन् महिने सांगत होतं, आणि मी शेजारणींना तिच्या पाया पडू देत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रडू नका ताई. साखर बंद करू. पण तिनं तोंड उघडलं ते तुमच्या नेमामुळंच. तो मोडू नका." मग आठ दिवसांचं औषध दिलं, आणि हेही सांगितलं, की जागेपणी नाही जमलं तर मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल देऊन दाढ काढता येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्या आधी रोज थोडा वेळ या, म्हणाल्या. आम्ही गेलो. शालूनं खुर्चीला हात लावला, मग त्यावर बसली, मग ती वरखाली करून घ्यायला लागली आणि हसायला लागली.

दाढ काढायच्या दिवशी मी तिला कुंकू लावलं आणि नकळत तिची मनगटं धरली. डॉक्टरबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. एकोणीस वर्षं मी तो हात धरून होते. मी तो सोडला आणि मनात म्हणाले, आई, आता तू धर. सुई टोचताना शालूचा हात उडाला आणि डॉक्टरबाईंचा चष्मा खाली पडला. त्यांनी तो उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि थांबल्या. शालूचा श्वास शांत होईपर्यंत थांबल्या. मग दाढ निघाली. कुणीही तिला धरलं नव्हतं. तिचा हात गालाकडं गेला, मला वाटलं आता मारणार. पण तिनं तळवा नुसता गालावर ठेवला आणि तशीच बसून राहिली.

आता सकाळी कुंकवानंतर मी तिला खोबऱ्याचा तुकडा देते. डॉक्टरबाईंनी शिकवला तसा ब्रशही करते. आधी माझे दात, मग तिचे. ती भाकरी खाते. जाऊ एकदा म्हणाली, "भक्ती सरली काय गं हिची?" मी सहसा कुणाला उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "न्हाय, दुखणं सरलं."

देवीवर सोपवणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, सोपवायचा तो आपला हट्ट, की मला सगळं कळतं. तो हातातून सुटला की मग समोरचं माणूस दिसतं, दात नसलेली म्हातारी दिसते, फरशीवर बसणारी डॉक्टरीण दिसते.

परवा आम्ही तुळजापूरला जाऊन आलो. आराधीण दिसते का ते मी बघितलं, दिसली नाही. देवीची ओटी भरली आणि झाल्या चुकीसाठी स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं. शालू बघत होती. तिनं पटकन माझा हात धरून खाली ओढला, माझी हनुवटी वर केली आणि डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मागची माणसं पुढं सरका म्हणत होती, उदो उदो चालला होता. मी देवीसमोर उभी राहून माझ्या लेकीपुढं आ केला.