काकडीची फोड

काकडी चिरली की बोटांना येणारा ओला वास मला अजून नाशिकच्या कालव्याकाठच्या बाजारात नेतो. भादव्यात आई मला खोडाळ्याहून एसटीनं तिथं घेऊन गेली होती, शाळेचे बूट घ्यायला. कालव्याच्या कठड्याला लागून हातगाड्या, बांगड्या, भांडी, ओरडून ओरडून बसलेले आवाज आणि खाली गढूळ पाणी. आई बुटांच्या भावावरून घासाघीस करत होती, तेवढ्यात शेजारच्या गाडीवाल्यानं हातावर ठेवलेली तिखटमीठ लावलेली काकडीची फोड मी खाऊन टाकली. आमच्या पाड्यावर नवी काकडी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही, आणि त्या वर्षीची अजून दाखवायची होती. आईनं माझा हात धरून हुंगला. ओरडली नाही. तिनंही एक फोड मागून घेतली आणि माझ्याकडं बघत सावकाश खाल्ली. “आता देवानं इचारलं तं दोघींना इचारील,” एवढंच म्हणाली. पुढं भातकापणीत बांधावरून पडून तिचा पाय मोडला. पाय घसरला, असं ती आजही लंगडत सगळ्यांना सांगते. मी देव मानत नाही. पण विचारलं ते तिला एकटीलाच, हे काही केल्या मनातून जात नाही.