जावयाचा एअर फिल्टर

आमच्या हुंग्यामामाच्या तोंडावर होतं ते नाक नव्हतं, नाका होता. हुंगल्याशिवाय तिथून काही पुढे सुटत नसे. दूधवाल्याचं दूध, बँकेतली कोरी नोट, पाहुण्याने आणलेली मिठाई, सगळं एकदा नाकाखालून जायचं. पेट्रोलपंपावर तर मामा पाइपाच्या तोंडाशी इतका वाकायचा की पंपावरचा पोरगा म्हणायचा, "मामा, टाकी गाडीला आहे, तुम्हाला नाही." मामा आज नाही. पण यमाने रेडा दारात लावल्यावर त्याच्या विम्याचा कागद न बघता मामा वर चढला असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

एकदा आम्ही त्याला अकलोलीच्या गरम कुंडांवर नेलं. लोक डोळे मिटून पाण्यात बसले होते. मामाने ओंजळभर पाणी हुंगलं आणि माझ्या कानात म्हणाला, "भाच्या, खाली बॉयलर हाय यांचा." मग सकाळभर तो लाकडाची वखार शोधत आसपास हिंडला. सापडली नाही. "लपवलीय," म्हणाला, आणि त्याचा संशय आणखी पक्का झाला.

गोदामांना जमिनी गेल्या तेव्हा भिवंडीजवळच्या मामाच्या गावात, खारबावात, ज्याच्या त्याच्या दारात पांढऱ्या जीपगाड्या उभ्या राहिल्या. मामाने एकच मोटरसायकल घेतली, तीही शोरूममधल्या सगळ्या गाड्यांच्या सीटा हुंगून. विम्याची वेळ आली. एजंट म्हणाला, "मामा, स्वस्तात थर्ड पार्टी घ्या."

"थर्ड पार्टी म्हंजे कोन?" मामाने विचारलं. "पहिली पार्टी मी, दुसरी तू. तिसरा कुठं बसलाय?"

एजंटने समजावलं, की तुम्ही ज्याला ठोकाल तो तिसरा, आणि या विम्यात त्याची भरपाई मिळते. मामाने बोटांवर हिशेब मांडला. "म्हंजे पैसे मी भरायचं, हात मोडून घ्यायचा, गाडी माजी चेपनार, आनि भरपाई त्याला." मग त्याने सगळ्यात महागडा, फुल विमा घेतला. बाहेर आल्यावर कारण सांगितलं. "आजपरेंत एजंटनं स्वस्त घे म्हनलेलं ऐकलंस कदी? महागात कायतरी चांगलं आसनार, ते त्याला लपवायचं होतं." कंटेनर आणि खड्डे यांच्यामधून वाट काढणाऱ्या भिवंडीच्या माणसाने फुल विमाच घ्यावा, हे कोणीही सांगेल. मामा तिथे शहाणपणाने नाही, संशयाने पोचला. पण माझ्याआधी पोचला. मी थर्ड पार्टीवाला.

गॅरेजात ऑइल बदलायचं म्हणजे मामा घरून रिकामा डबा घेऊन जायचा. काढलेलं जुनं ऑइल उस्तादने गाळून दुसऱ्याच्या गाडीत ओतू नये म्हणून ते घरी आणायचं. गॅरेजवाला उस्ताद वैतागायचा. "मामू, मेरे पे भरोसा नहीं तो मेरे पास आते कायको?" मामा शांतपणे म्हणायचा, "दुसऱ्यावर तेवडा पन न्हाय." ते जुनं तेल मामाने गावातल्या दारांना, फाटकांना, रहाटांना, पाळण्यांना इतकं चोपडलं की खारबावात एक बिजागरी कुरकुरत नव्हती. घरात माणूस आला ते कळेना, म्हणून लोकांना कुत्री पाळावी लागली.

अशा माणसाच्या घरी वैशूला बघायला मुलगा आला. वैशू मामाची एकुलती एक. स्थळ मामीने आणलेलं, "वळखीतलं हाय," एवढंच सांगून. रुपेश नाव, भिवंडीत राहणारा, गोदामात सुपरवायझर. आत पोहे चालले होते आणि मामा बैठकीतून गायब. मी बाहेर आलो तर हा अंगणात उकिडवा बसून पाव्हण्याच्या मोटरसायकलचं कव्हर खोलतोय. एअर फिल्टर हातात, नाक फिल्टरमध्ये.

"मामा, मुलगा आत आहे."

"मुलगा काय, पावडर लावून बसलाय. हे बघ." फिल्टरमध्ये कापसाचे तंतू गच्च बसले होते, उशी भरावी तसे. "गोदामात पुठ्ठ्याची धूल आसते. ही रुई हाय. पोरगा कापडाच्या लूमवर कामाला हाय."

"असला तर काय वाईट आहे?"

"लूमवर आसनं वाईट न्हाय रे. माज्या पोरीला खोटं सांगनं वाईट."

झालं. दुसऱ्या दिवशी मामा आणि मी त्या गोदामासमोरच्या पानटपरीआड उभे. दुपारी रुपेश बाहेर आला, अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी म्हटलं, "पटलं?" मामा म्हणाला, "पट्टा काय, बकऱ्याच्या गल्यात पन घालता येतो." तेवढ्यात रुपेशनेच आम्हाला पाहिलं. "काका, तुम्ही इथे? चहा घ्या ना." मामाने चहा हुंगला, घेतला, आणि फिल्टरमधल्या रुईचं विचारलं.

पोरगा ओशाळला. "काका, गाडी सेकंडहँड आहे. एका लूमवाल्याकडून घेतली."

"कवा?"

"वर्ष होऊन गेलं."

"फिल्टर बदलला न्हाईस?"

रुपेश पाकीट काढून चहाचे पैसे मोजू लागला.

"गाडी नावावर केलीस?"

"करायचीय."

"आनि विमा?"

"तो... त्याच्याच नावावर आहे अजून."

मामाने अर्धा चहा तसाच ठेवला. थेट घर गाठलं. मामी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, वैशू ताटं मांडत होती. दारातूनच मामाने निकाल दिला. "स्थल मोडलं. पोरगा खोटारडा न्हाय. खोटारडा परवडला आसता. गाडी एकाची, विमा दुसऱ्याचा, आनि मागं बसनार माजी पोर. उद्या कायतरी झालं तर कोन कुनाला वळख देनार?"

वैशूने ताट खाली ठेवलं. "बाबा, हे मी त्याला वर्षभर सांगतेय. नावावर कर, विमा तुझा काढ, तोवर मी मागे बसणार नाही. एकदाही बसले नाही. तो बाइकवरून पुढे आणि मी शेअर रिक्षातून मागे. मैत्रिणी हसतात मला."

मामाची मान अभिमानाने वर व्हायला लागली. अर्ध्यात थांबली.

"वर्षभर?"

मामाने मामीकडे पाहिलं.

"माजं त्वांड नका बघू," मामी म्हणाली. "भाकर करपतेय."

ज्याने अख्ख्या भिवंडीवर संशय घेतला, अकलोलीचं कुंड सोडलं नाही, त्याने आपल्या घरात कधी हुंगून पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. मामा नुसता खाली बसला. "मना सांगितलं आसतं तर मी काय न्हाय म्हनलो आसतो?" त्याने विचारलं. वैशू म्हणाली, "तुम्ही आधी चौकशी केली असती, बाबा. मग पुन्हा चौकशी. मी म्हातारी झाले असते." मामाने यावर विचार केला आणि मान हलवली. म्हणणं खरं होतं.

लग्नाला तो तयार झाला, पण मुहूर्त भटजीने काढला नाही, आरटीओने काढला. रुपेशच्या नावाचं आरसी बुक आलं, त्याच्या नावाचा फुल विमा आला, मगच पत्रिका छापायला गेल्या. लग्नानंतर पाचपरतावणाला दोघं मोटरसायकलवरून माहेरी आले. वैशू नवऱ्यामागे पहिल्यांदाच बसली होती.

संध्याकाळी निघताना मामा गाडीपाशी गेला. आता फिल्टर खोलणार, असं आम्हाला वाटलं. त्याने वाकून वैशूचा चाकाशी लोंबणारा पदर उचलला, तिच्या मांडीखाली नीट खोचला, म्हणाला, "जा." गाडी स्टेशनच्या रस्त्याला दिसेनाशी झाली तरी तो तिथेच. मामी म्हणाली, "चला आत." मामा म्हणाला, "वलनावर हारन दिला न्हाय त्यानं."

फोन वाजेपर्यंत तो अंगणातच उभा होता. वाजला तसा मामीने आणून त्याच्या हातात दिला. "बाबा, पोचलो," वैशूचा आवाज आम्हालाही ऐकू आला. मामा "बरं" म्हणाला. मग फोन मामीपुढे धरला.

"तू इचार," तो म्हणाला. "तुला खरं सांगते ती."