वसंतकाकांचा कठडा

घरात कुणी भुताची गोष्ट काढली की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. असल्या भाकडकथा मला पटत नाहीत, आजही नाहीत. तरी हे लिहितोय...

एडिनबरा, २००५ च्या आसपासची गोष्ट. माझे वसंतकाका तरुणपणीच इथे आले आणि एका छोट्या फुटबॉल क्लबच्या प्रेमात पडले. क्लब हरण्यात पटाईत, पण काकांचा अभिमान विचारू नका! पाहुणा आला की चहाआधी स्टेडियमचा इतिहास – कोळशाच्या राखेचा ढीग दाबून केलेल्या उभं राहायच्या पायऱ्या, महायुद्धात मैदानात लावलेले बटाटे. काका कोल्हापूरच्या तालमीतले. ग्राउंडवर शिरताना पायरीला हात लावून कपाळाला लावायचे. काकू कधी गेल्या नाहीत. "सवत आहे ती माझी," म्हणायच्या.

काका कोल्हापूरला गेले असताना अचानक वारले. काकू पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. "साधा निरोपही घेता आला नाही रे," एवढंच त्या म्हणत राहायच्या.

त्यानंतर क्लबने ग्राउंड विकलं, तिथे फ्लॅट्स होणार होते. शेवटच्या मॅचला काकू स्वतःहून म्हणाल्या, "मला ने."

आत शिरताना त्यांनी चक्क बूट काढायला घेतले! एप्रिल असून गारा पडत होत्या. "अहो काकू, इथे बूट नाही काढत!" "ह्यांचं देऊळच होतं ना?" असं म्हणत त्यांनी वाकून पायरीला हात लावला. मागे बघतो तर चार-पाच म्हातारे स्कॉटिश एकेक करून वाकतायत – पायरीला हात, कपाळाला हात!

"व्हॅसने शिकवलं," त्यांतला एक, जिम, म्हणाला. वसंतकाका त्यांच्यासाठी व्हॅस होते. "आता आमची नातवंडंही करतात."

खरं सांगतो, छाती इतकी कधी फुगली नव्हती. शंभर वर्षांच्या त्या ग्राउंडच्या इतिहासात आमच्या कोल्हापूरची तालीम!

जिमने काकांची जागा दाखवली. लोखंडी कठड्यालगतची ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती. काकूंनी कठड्यावर हात ठेवला आणि मला खेचलं. "हात लाव."

कठडा बर्फासारखा गार. फक्त दोन हात मावतील एवढी जागा ऊबदार... आत्ताच कुणी हात उचलल्यासारखी. मी वाकून पाहिलं – पाइप नाही, वायर नाही, ऊन तर नाहीच. जिमने हात लावून पाहिला आणि गुपचूप टोपी काढली.

काकू मॅचभर तिथेच हात ठेवून उभ्या होत्या. आम्ही हरलो, अर्थातच. तरी सगळं ग्राउंड उभं राहून गात होतं. काकू कठड्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "अहो... येते हं मी."

माझा हात त्यांच्या हाताशेजारीच होता. लोखंड हळूहळू गार पडत गेलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. काकूंनी मात्र डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली आणि मागे न बघता पायऱ्या उतरल्या.