नेल्बाचं भुयार

नेल्बा बेरुत्तीचा स्वभाव मला विचारा. मोंतेविदेओच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. कुणी वाकडं बोललं की ही बाई तेव्हा नुसती हसायची, आणि चार महिन्यांनी बरोबर उट्टं काढायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

कॉम्प्युटर क्लबात तिने एक खेळ लिहिला होता, टेकडीखालच्या भुयारातल्या खजिन्याचा. चित्रबित्र काही नाही. 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असं टाइप केलं की पुढची खोली शब्दांत पडद्यावर यायची. दर हिवाळ्यात ती एक-दोन खोल्या वाढवायची. सहा वर्षांत सहा आवृत्त्या झाल्या. प्रत्येकीच्या शेवटी, खजिन्यापाशी, तिचं नाव असायचं.

मग क्लबातल्याच विल्मार पिंतोसने सातवी काढली. रंगीत चित्रं, संगीत, आणि सुरुवातीलाच ठळक अक्षरांत विल्मार पिंतोस! नेल्बाचं नाव मेल्याने शेवटच्या खोलीतूनही पुसलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"अगं, जाऊन चांगली खरडपट्टी काढ ना त्याची!"

"थांब गं," येर्बाचा कडू काढा नळीने ओढत ती म्हणाली. "मी सातवी खेळून पाहिलीय. त्याने नाही पाहिलेली. हातातली वस्तू खाली टाकायची सोयच काढून टाकलीय शहाण्याने. म्हणे, वस्तू हरवल्या की पोरं रडतात."

मला हसू आवरेना. भुयाराच्या मध्यावर बारा खोल्या आहेत, हुबेहूब सारख्या. एकीत टोपी टाकायची, दुसरीत पाव, तिसरीत दोरी, तेव्हा कुठे कळतं आपण कुठून आलो ते. टाकताच आलं नाही तर फिरत बसा; वाट पाठ फक्त नेल्बाला. विल्मारने एकेक खोली सुटी रंगवली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एकदाही गेला नव्हता.

पुढे वस्तीच्या वाचनालयाला मुलांसाठी हा खेळ हवा झाला. सहावी घ्यायची की सातवी, ते शनिवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर ठरणार होतं. ग्रंथपाल ओफेलियाबाई तर चित्रं पाहूनच विरघळल्या.

नेल्बा उठली. आवाज कसा, अगदी मधाळ. "सातवीच घ्या, बाई. फक्त विल्मारने ती एकदा शेवटपर्यंत खेळून दाखवावी."

"त्यात काय मोठंसं!" म्हणत गडी बसला.

मध्यापर्यंत झोकात गेला. मग तीच खोली. पुन्हा तीच. वीस मिनिटं झाली, शर्ट पाठीला चिकटला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मघाशी इथेच होतास की!" ओफेलियाबाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

शेवटी तो वळला आणि हळूच म्हणाला, "नेल्बा, बाहेर कसं पडायचं?"

"मला काय विचारतोस? ज्याचं नाव वर लिहिलंय त्याला विचार."

हॉल खदखदून हसला. विल्मार लालबुंद झाला. "बरं बाई, भुयार तुझंच आहे. सगळं तूच लिहिलंयस."

"मोठ्याने बोल. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

त्याने खाली मान घालून मोठ्याने सांगितलं. ओफेलियाबाईंनी सहावी घेतली. विल्मार तरी तिथेच उभा, वाट विचारत. नेल्बाने पर्स उचलली आणि माझा हात धरून ती सरळ दाराबाहेर पडली. त्याला तिने ती वाट आजतागायत सांगितलेली नाही.