जात्याचा घास

आमचं आवार बघायला येणाऱ्या सगळ्यांना ते फार आवडायचं. आवडत नसे ते फक्त आक्कांना, आणि त्या आवारात दिवसभर बसायची नोकरी नेमकी त्यांचीच होती. एखादा पाहुणा माळवदाच्या घराकडं, सारवलेल्या अंगणाकडं, दारातल्या बैलगाडीकडं बघून मान डोलवायचा आणि जुन्या काळी माणसं किती सुखात होती म्हणायचा. आक्का जात्यापाशी बसल्या बसल्या म्हणत, "मग ऱ्हावा की हितं. चार दिस ऱ्हावा." त्यात राग नसे. पाहुणा हसायचा. आक्का हसत नसत.

निजामाचं राज्य गेलं, मागोमाग हैदराबाद राज्यही गेलं आणि आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला. त्या दिवसांत विकासाच्या कामावर एक उत्साही साहेब आले होते. गावोगाव गिरण्या आल्या, उद्या विहिरींवर इंजिनं येतील, मग ही मोट, ही पेरायची पाभर, हे खळं पोरांना कुठं बघायला मिळणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. लोहाऱ्याच्या बाहेर सडकेलगत दोन एकरांचं गायरान त्यांनी मिळवलं. त्यावर शेतकऱ्याचं एक घर उभं केलं, गोठा बांधला, खळं केलं, औतं ठेवायला छप्पर घातलं, एका कोरड्या विहिरीवर मोट बसवली आणि पाटी लावली. पाटीवरचा रंग वाळायच्या आत साहेबांची बदली झाली. आवार राहिलं. सगळ्यात जवळची शाळा माझी, म्हणून देखरेखीचा जादा भार माझ्या गळ्यात पडला.

शाळा सुटली की मी आवारात जायचो, मोडलेल्या जुवाची नोंद करायचो, पाहुण्यांच्या वहीत किती नावं वाढली ते बघायचो. वय पस्तिशीचं, पण थकवा साठीचा. माझं घर तुळजापूरला. वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, त्यांना उठवणं-बसवणं बायको एकटी करायची, पदरी दोन लहान लेकरं. मी लोहाऱ्याच्या एका खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवत होतो. तीन वर्षांत बदलीचे किती अर्ज केले ते आता आठवत नाही. उस्मानाबादच्या कचेरीतला शिपाईसुद्धा मला लांबून बघून मान हलवायचा.

आक्का जवळच्याच वस्तीवरच्या. नवरा ऐन तरुणपणी गेला, मूलबाळ नव्हतं. गावातल्या चार मोठ्या घरांची दळणं दळून त्यांनी आयुष्य काढलं होतं. पहाटेपासून उन्हं वर येईतो पायल्यांच्या पायल्या ज्वारी त्या एकटीनं दळायच्या. उजव्या तळहाताची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. लोहाऱ्यात गिरणी आली तसं ते काम सुटलं. मग आवारात पाहुण्यांना जातं ओढून दाखवायला बाई हवी झाली आणि आक्कांना पुन्हा जात्यावर बसवण्यात आलं. गिरणीनं तुमचा घास काढून घेतला, असं मी एकदा हळहळून म्हणालो. मला वाटलं, त्या गिरणीला शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "इंजिनाला कंबर न्हाय, गुरुजी. दळू द्या त्याला."

आवारात आलेला माणूस जातं बघितलं की गाणं मागायचाच. आक्का कधी गायल्या नाहीत. तेर गावचे एक वयस्कर मास्तर ओव्या उतरून घ्यायला वही-पेन्सिल घेऊन आले आणि दोन दिवस उंबऱ्यावर बसून राहिले. आक्कांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, ओवी दिली नाही. शेवटी त्यांनी फारच काकुळतीला येऊन विचारलं, तेव्हा आक्का म्हणाल्या, "हात दुखत्यात ते इसरायला गातेत, मास्तर. आता मूठभर दळते म्या. दुखतच न्हाय, तर गाऊ कशाला?" मास्तरांनी हे वाक्यच वहीत लिहून घेतलं आणि एसटी गाठली.

पण त्या मूठभर दळणाची आक्कांची एक रीत होती, आणि तिच्यापुढं कुणाचं काही चालत नसे. तोंडात धान्याचा घास घातल्याशिवाय जात्याला हात लावायचा नाही. रिकामं जातं फिरवलं की घरातलं धान्य उठतं, हे आपल्याकडं कुठल्याही घरात ऐकायला मिळतं, आणि ऐकून सोडूनही दिलं जातं. आक्का सोडत नसत. एकदा सोलापूरकडून सहलीला आलेल्या कॉलेजातल्या मुलींपैकी एकीनं फोटो काढायला म्हणून खुंटा धरला आणि गर्रकन फिरवायला घेतला. आक्कांनी तिचं मनगट असं पकडलं, की पोरीच्या बांगड्या वाजल्या. मग ओंजळभर ज्वारी जात्याच्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, आता ओढ. मला हे जरा जास्तच वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. आक्कांनी वरची तळी उचलून मला आतली टाकी, म्हणजे छिन्नीनं पाडलेल्या खाचा, दाखवल्या. दगडावर दगड घासला की टाकी बोथट होते, मग पिठात कच येते आणि खाणाऱ्याच्या दाताखाली येते, हे त्यांनी मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. हे शहाणपण झालं. त्याच्याखाली भीती होती, तीही त्यांनी लपवली नाही.

रोजचं दळलेलं ते पीठ वाया जात नसे. दुपारच्याला आवारातल्या चुलीवर आक्का दोन भाकऱ्या थापत. एक त्यांची. दुसरी फडक्यात गुंडाळून माझ्यासाठी ठेवलेली असे, सोबत शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा. पाच वाजता शाळेतून थकून आलो की मी ती गार भाकरी घराच्या ओट्यावर बसून खायचो. घरच्या हातचं जेवण तुटलेल्या माणसाला त्या भाकरीची चव काय लागायची, ते मी सांगू शकत नाही. आवार सुरू झालं तेव्हा नमुन्यादाखल म्हणून ज्वारीचं एक पोतं सरकारातून आलं होतं. ही भाकरी त्यातलीच, असं मी धरून चाललो होतो. एक पोतं किती दिवस पुरतं, हा हिशेब मी पोरांना फळ्यावर घालायचो, स्वतः कधी केला नाही.

पुढं ते टंचाईचं साल आलं. ज्वारी बघायला मिळेना. रेशनच्या दुकानापुढं माणसं सकाळपासून उभी राहायची आणि दुपारी तशीच परतायची. त्यातच पत्र आलं, की मोठे साहेब दौऱ्यावर येत आहेत आणि दुपारी तीनला आवार बघणार आहेत. माझ्या बदलीच्या कागदावर ज्यांची सही हवी होती, तेच हे साहेब. कचेरीतल्या एका ओळखीच्या कारकुनानं निरोप धाडला, की साहेब लहरी आहेत, खूश झाले तर जागच्या जागी सही करतात, अर्ज खिशात ठेवा. मी अर्ज पुन्हा सुवाच्य लिहिला. त्या रात्री तुळजापूरच्या घराचं दार मला किती वेळा दिसलं.

सकाळी दहालाच मी आवारात पोचलो. सगळं झाडून-सारवून लख्ख होतं. आक्का जात्यापाशी नव्हत्या, चुलीपाशी बसल्या होत्या. चूल थंड होती. मला बघून त्या शांतपणे म्हणाल्या, आज घास न्हाय. मी म्हणालो, पोत्यातली ओंजळभर घ्या. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ते पोतं परसालच्या आकाडात सरलं, गुरुजी."

म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. तेवढे दिवस जात्यात पडली ती आक्कांच्या घरची ज्वारी होती, त्यांच्या रेशनची, आणि मी ओट्यावर बसून खाल्ली ती त्यांच्या दोन वेळांतली एक वेळ होती. दुकान आठ दिवस बंद होतं. घरात दाणा नव्हता. मी काही बोलणार होतो. गावात पळत जाऊन कुणाकडून पसाभर मागून आणावी, हेही मनात आलं. तेवढ्यात सडकेवर धूळ दिसली. साहेबांची जीप चार-पाच तास आधीच आली होती.

साहेबांनी औतं बघितली, मोट बघितली, खळ्याभोवती फेरी मारली. मी मागं मागं माहिती सांगत होतो, पण माझं लक्ष घराकडं होतं. साहेबांनी विचारलं, ती जातं ओढणारी बाई कुठं आहे. मी पुढं जाऊन दारात उभा राहिलो आणि आक्कांना हळूच म्हणालो, "आक्का, नुसतं फिरवा. दोन मिनिटं. माझ्यासाठी." जात्याला धान्य द्यायची सोय नाही, हे एक वाक्य मला साहेबांना सांगता आलं असतं. तेवढी हिंमत कुणालाही असते. पण त्यातून देखरेख करणाऱ्याची चौकशी निघाली असती, आणि अर्ज खिशात होता.

आक्का उठल्या आणि जात्यापाशी बसल्या. मला म्हणाल्या, "तुमी आत उबं ऱ्हाऊ नगा. तुमच्या घरी लेकरं हायत. मला कोण हाय? लागलं तर मलाच लागंल." मी उंबऱ्याबाहेर झालो. हो, झालो. शिकलेला माणूस मी, शाळेत पोरांना अंधश्रद्धा वाईट म्हणून सांगणारा, दोन पावलं मागं सरलो.

साहेब आत वाकून बघू लागले. जातं फिरलं, आणि दगडावर दगड असा खरखरला की माझे दात आंबले. आता साहेब विचारणार, एवढ्यात आक्कांनी गळा मोकळा केला. दीड-दोन वर्षांत कुणासाठी न गायलेल्या आक्का गाऊ लागल्या. आवाज जाड होता, थोडा फाटलेला, पण त्या खरखरीच्या वर चढला आणि तिला झाकून बसला. भावाच्या खळ्यावर रास किती उंच झाली, भावजय सूप भरभरून दळण कशी ओतते, शेजीला पसा देऊनही धान्याची कणगी कशी उणी होत नाही, असलं काहीतरी त्या गात होत्या. रिकाम्या जात्यावर बसून. साहेबांनी डोळे मिटून घेतले. गाणं संपलं तेव्हा ते खरोखरच हेलावले होते. वहीत त्यांनी पान भरून लिहिलं. मी अर्ज पुढं केला, त्यावरही त्यांनी शेरा मारला आणि पाठीवर हात ठेवून गेले. त्यांचा म्हातारा ड्रायव्हर मागं रेंगाळला होता. त्यानं जात्याच्या कडेनं बोट फिरवलं, कोरडं बोट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि जीपकडं गेला.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या, अंगण झाडलं, पाणी भरलं, पण जात्यावर बसल्या नाहीत. संध्याकाळी मी आलो तेव्हा म्हणाल्या, गुरुजी, माझा कागद लिहा, म्या जाते. उमरग्याकडं भाचीच्या घरी जाणार होत्या. मी खूप समजावलं. धान्याची सोय करून घेतो म्हणालो, माझ्या पदरची आणतो म्हणालो. त्या ऐकून घेत होत्या. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या थकल्या होत्या. म्हणाल्या, एकदा फिरलं आता, पुन्यांदा त्याच्याम्होरं बसवत न्हाय.

ओट्यावर बसून मी कागद लिहिला. प्रकृती ठीक नसल्यामुळे नोकरी सोडत आहे, असं लिहिलं. आक्कांनी तो वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. त्या म्हणाल्या, "माझ्या तब्येतीला काय झालंय? खरं लिवा की. जातं रिकामं फिरवलं म्हून जाते."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. तो कागद उस्मानाबादला जाणार होता. माझ्या बदलीचा कागदही त्याच कचेरीत, कदाचित त्याच टेबलावर पोचला होता, हुकूम निघायचा होता. साहेबांपुढं जातं रिकामं होतं हे तिथं लेखी गेलं, तर पुढचं काय ते मला दिसत होतं. मी तो कागद फाडला नाही. आक्कांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. हाय तेच ऱ्हाऊ द्या." आणि अंगठा पुढं केला.

मी त्यांच्या अंगठ्याला शाई लावली. कातडी इतकी झिजलेली होती, की कागदावर रेषा उठल्याच नाहीत, नुसता काळा डाग उठला. महिनाभरात मी तुळजापूरला गेलो. वडिलांची शेवटची दोन वर्षं मला करता आली. आक्का पुन्हा भेटल्या नाहीत. भाचीच्या गावाचं नावही मी विचारून ठेवलं नव्हतं.

त्या जातं रिकामं फिरवलं म्हणून गेल्या. फिरवायला मी लावलं. कागदावर हे लिहायचं राहिलं होतं, ते आता लिहिलं आहे. वाचून दाखवायला आक्का नाहीत.