गोठ्यातली गोळी

रुपाली आमच्या शेजारच्या गोरक्षची बायको. तिच्याविषयी लिहिणे मला नीट जमेल असे वाटत नाही. पण गावात तिच्याबद्दल जे बोलतात ते अर्धेच आहे, म्हणून लिहितो.

श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात गोरक्षचा म्हशींचा गोठा आहे. पहाटे धारा रुपालीच काढते. तिची मुलगी निकिता पोटात होती तेव्हा शेणाच्या वासाने तिला उलट्या व्हायच्या, धार अर्ध्यावर सोडून ती भिंतीशी जाऊन बसायची. म्हैस वैरण खाईना झाली की रुपालीची सासू कडूबाई भांगेचा पाला गुळात वाटून म्हशीला गोळी चारते. तशीच एक लहान गोळी तिने सुनेला दिली. उलट्या थांबल्या, दूध वेळेवर डेअरीला जाऊ लागले. मग बाळंतपणापर्यंत ती गोळी चालूच राहिली. पुढेपुढे रुपाली आपणहून मागून घ्यायची.

निकिता आता पहिलीत आहे. एका जागी बसत नाही, झोपत नाही, राग आला की चावते. शाळेत तिने एका मुलीच्या दंडाचा लचका तोडला तेव्हा बाईंनी डॉक्टरांना दाखवायला सांगितले. शहरात सावेडीच्या दवाखान्यात जाताना गोरक्ष, रुपाली आणि कडूबाई मलाही घेऊन गेले. तिथे मला बोलता येते असा गोरक्षचा समज आहे.

गरोदरपणात मिश्री, तंबाखू, एखादे औषध घेतले होते का, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. भांगेची गोळी घेत होते, त्याने लई बरं वाटायचं, असे रुपालीने सरळ सांगून टाकले. बाईंनी लिहिणे थांबवले. त्या म्हणाल्या त्यातले मला समजले ते असे : आईने त्या दिवसांत भांग-गांजा घेतला असेल तर मुलांत चंचलपणा, मारकुटेपणा जास्त दिसतो, पण हिचे त्यानेच झाले असे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. कुणाला दोष देऊ नका, पोरीला आणत राहा, फरक पडेल. आणि पुन्हा दिवस गेले तर त्या गोळीला हात लावायचा नाही. कडूबाई पंख्याकडे बघत बसली होती.

परतीच्या एसटीत ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "नशेबाज सून पडली आमच्या पदरात."

"आत्याबाई, तुमीच दिल्ती ना गोळी?"

"मी म्हशीला बी देती. म्हस गेली का कुनाला सांगाया?"

पुढच्या बाकावरची माणसे हसली. गोरक्षही हसला.

त्यानंतर निकिताला कुणी दवाखान्यात नेले नाही. गावाने रुपालीचे नाव भांगवाली ठेवले. पोरीने कुठे काही फोडले, कुणाला मारले की शिव्या आईला.

या हिवाळ्यात रुपालीला पुन्हा दिवस गेले. उलट्याही तशाच. कडूबाईने गोळी पुढे केली, तिने घेतली नाही. लिंबू चोखत, तोंडाला पदर बांधून धारा काढत राहिली. एका पहाटे भरल्या कॅनमध्येच उलटी झाली. दूध गटारात ओतताना गोरक्ष एवढेच म्हणाला, की जमत नसेल तर माहेरी जा, पण पोरगी इथेच राहील.

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला गेलो तेव्हा निकिता गोठ्याच्या खांबाला दोराने बांधलेली होती. मनगटे सोलून निघाली होती. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. कडूबाई गोळी घेऊन रुपालीपुढे उभी होती.

"तू गेल्यावर हिला अशीच ठेवावी लागंल. कोन बघनार हिच्याकडं? बोल, खाती का जाती?"

रुपालीने एकदा माझ्याकडे पाहिले. पोरीला सोडा, असे मी म्हणालो. निदान म्हणालो असे मला वाटते. कडूबाईने मान वळवली नाही.

रुपालीने गोळी तोंडात टाकली. कडूबाईने तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावले, जीभ वर करायला लावली, आत नीट पाहिले. मग वाकून दोराची गाठ सोडली.

निकिताने सुटल्या सुटल्या आईच्या हाताला चावा घेतला. रुपालीने हात काढून घेतला नाही.